अक्षरांचा गोंधळ

दिल्लीची लोधी कॉलनी ही सरकारी नोकरांसाठी ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या दशकात बांधलेली वसाहत. उंच कमानी, लांबच लांब सपाट भिंती आणि सरळ रेषेत आखलेले रस्ते यांमुळे तिच्या एकंदर रूपावर कचेरीतील शिस्तीची छाप आहे. २०१६ साली या भिंतींपैकी एका भिंतीवर ‘डाकू’ या टोपणनावाने काम करणाऱ्या कलावंताने ‘टाइम चेंजेस एव्हरीथिंग’ ही रचना उभारली. भिंतीवर शब्द रंगवलेले नव्हते. अक्षरे भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली होती आणि वाचायची होती ती त्यांची सावली. काळाच्या ओघात पालटणाऱ्या गोष्टींची ती इंग्रजी नावे होती. कोवळ्या उन्हात सावल्या तिरप्या आणि ओढल्यासारख्या पडत, एकमेकींत मिसळत, आणि पाहणाऱ्याला त्यांत शब्द सापडत नसत. सूर्य माथ्याकडे सरकू लागला की अक्षरे आपापल्या जागी येत आणि काही काळ भिंत वाचता येई. पुढे ती पुन्हा विरत जात.

या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला एक प्रश्न टाळता येत नाही. अक्षरे तीच असतात, त्यांची जागाही तीच असते. मग सकाळचा विस्कळीतपणा आणि दुपारची वाचनीयता यांत फरक कशाचा? आणि सकाळची ती न वाचता येणारी भिंत ही रचनेचा भाग मानायची की रचनेआधीचा कच्चा खर्डा? कागदावर मुद्दाम विस्कटलेल्या अक्षरांविषयी जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबते. कवीने किंवा आरेखकाने पानावर अक्षरे उधळून दिलेली दिसली की वाचक प्रथम असे समजतो की हे एका झटक्यात झाले असावे. मनात आले आणि हात फिरला. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. सरळ ओळ एका बैठकीत लिहून होते. विस्कटलेली ओळ मात्र पुष्कळ कागद फाडल्यावर हाती लागते.

मराठी भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली असावी, असे म्हणायला जागा आहे. ‘गोंधळ’ हा शब्द मराठी माणूस अव्यवस्थेसाठी वापरतो आणि तोच शब्द तो कुळाचारातील एका अत्यंत नेमस्त विधीसाठीही वापरतो. लग्नकार्यानंतर तुळजापूरच्या भवानीच्या किंवा माहूरच्या रेणुकेच्या नावाने घरी गोंधळ घातला जातो, तेव्हा आधी चौक मांडावा लागतो. चौरंगावर वस्त्र, त्यावर धान्य, त्यावर कलश. मग दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे सुरू होतात, देवदेवतांना नावानिशी आवाहन होते, त्यानंतर आख्यान लागते आणि शेवटी आरती होते. बाहेरून ऐकणाऱ्याला तो कल्लोळ वाटेल. आत बसलेल्याला मात्र आता काय चालले आहे आणि पुढे काय यायचे आहे हे पक्के ठाऊक असते. विशेष म्हणजे मराठीत गोंधळ ‘मांडला’ही जातो. पानावरील अक्षरांच्या रचनेलाही मराठीत ‘मांडणी’ असाच शब्द आहे. मांडल्यावाचून गोंधळ होत नाही, ही जाण भाषेच्या पोटातच आहे.

शास्त्राची भूमिका मात्र या प्रकाराविषयी सहानुभूतीची नव्हती. अक्षरांना आकार देऊन त्यांतून पद्म, खड्ग, मुरज, गोमूत्रिका साधणारे चित्रबंध संस्कृत कवींनी विपुल रचले. दंडीने ‘काव्यादर्शा’त त्यांची दखल घेतली, परंतु आनंदवर्धनाने अशा रचनेला काव्याची नक्कल ठरवले आणि मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त चित्रकाव्याला तिसऱ्या, म्हणजे अवर दर्जावर बसवले. या निवाड्यामागील युक्तिवाद आजही हलका नाही. अक्षरांची कसरत पाहून डोळा थक्क होतो आणि मन कोरडे राहते, असा तो आक्षेप आहे. ज्या बंधात अक्षरे कमळाच्या पाकळ्यांवर बसतात त्यात कमळ दिसते. कमळाविषयी कवीला काय वाटले हे कळत नाही. मुद्दाम विस्कटलेल्या पानाचे समर्थन करू पाहणाऱ्याने या आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे.

मराठी समीक्षेत या प्रश्नाचा विचार करताना बा. सी. मर्ढेकर यांच्याकडे वळावे लागते. आकाशवाणीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या मर्ढेकरांचे निधन १९५६ साली दिल्लीत झाले आणि त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मिळाला. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांवर त्यांनी आपल्या सौंदर्यविचाराची उभारणी केली. रेषा, रंग, सूर यांसारख्या घटकांमधील साम्य, त्यांच्यातील विरोध आणि या दोहोंना तोलून धरणारी तिसरी शक्ती, असा तो विचार आहे. विस्कटलेल्या पानाला ही कसोटी लावली तर एक गोष्ट ताबडतोब स्पष्ट होते. अशा पानावर विरोधाचे राज्य असते. लहान अक्षराशेजारी मोठे, सरळाशेजारी तिरपे, दाट मजकुराशेजारी ओसाड कोरेपण. परंतु केवळ विरोध साचवत गेल्याने रचना होत नाही. कुठेतरी त्याला तोलणारे वजन लागते. खर्ड्यांमागून खर्डे होतात ते हे वजन शोधण्यासाठी.

मर्ढेकरांच्या विचारातून दुसरी अडचणही उभी राहते, आणि ती अधिक मूलगामी आहे. साहित्याचे माध्यम म्हणजे शब्दांचा नाद किंवा शब्दांचे रूप नव्हे, तर शब्दांचे भावनात्मक अर्थ, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका काटेकोरपणे स्वीकारली तर अक्षर पानावर कोठे बसले आहे ही बाब साहित्याच्या बाहेरची ठरते. ती छापखान्याची किंवा फार तर सजावटीची बाब. म्हणजे मम्मटाने ज्याला खालच्या पायरीवर बसवले, त्याला मर्ढेकरांच्या उपपत्तीत घरातच जागा उरत नाही. प्रत्यक्ष कविता मात्र सिद्धांताची परवानगी मागत थांबल्या नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडले. स्तेफान मालार्मे या फ्रेंच कवीची ‘अं कू द दे’ ही कविता, जिच्या नावातच फाशाचा डाव आहे, मे १८९७ मध्ये ‘कॉस्मोपोलिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मासिकाच्या पानाने ती आवळली गेली होती. मालार्मेला एक पान हा घटक नको होता; समोरासमोरची दोन पाने मिळून एक घटक हवा होता, ज्यावर शब्द डावीकडून उजवीकडे, मधली घडी ओलांडून, पायऱ्या उतरल्यासारखे जातील. व्होलार या कलाविक्रेत्याने पुस्तकरूपाची योजना आखली, ओदिलों रदों याची शिळामुद्रिते सोबत द्यायची ठरले, दिदो यांच्या छापखान्यात मजकूर जुळवला गेला आणि मुद्रिते कवीकडे येऊ लागली. त्या मुद्रितांवर मालार्मेच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. शब्द क्वचितच बदललेले; बदललेल्या आहेत त्या जागा. हे वर घ्यावे, हे आणखी उजवीकडे, हे अक्षर जाड, हे बारीक. १८९८ च्या सप्टेंबरात कवी वारला आणि पुस्तक राहून गेले. १९१४ साली ते निघाले, तेही कवीने ठरवलेल्या अक्षरवळणात नव्हे.

ही मुद्रिते पाहिली म्हणजे ‘विस्कळीत’ हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. खिळ्यांच्या छपाईत कोरी जागा फुकट मिळत नसे. जुळाऱ्याला रिकाम्या जागेतही धातूचे तुकडे भरावे लागत, नाहीतर फर्मा आवळला जात नसे आणि खिळे गळून पडत. त्या काळी पानावरील प्रत्येक कोरेपणाला अक्षरशः वजन होते. शब्दाला बोटभर उजवीकडे सरकवायचे तर डावीकडे तेवढे शिसे घालावे लागे. योगायोगावर लिहिलेली ती कविता योगायोगाला काहीही न सोडणाऱ्या हाताने जुळवून घेतलेली आहे. आणि जागा बदलताच अर्थ बदलतो हे ज्याला मुद्रितागणिक दिसत होते, त्याच्या दृष्टीने जागा ही माध्यमाबाहेरची गोष्ट उरली नव्हती.

देवनागरीत असे काम करू पाहणाऱ्यापुढे वेगळ्या अडचणी असतात. एखाद्या विद्यार्थ्याने ‘गोंधळ’ हाच शब्द घेऊन त्याचे अक्षरचित्र करायचे ठरवले, अशी कल्पना करून पाहावी. पहिल्या खर्ड्यात तो सगळी अक्षरे वाकडी करील. ‘गों’ डावीकडे कललेला, ‘ध’ उजवीकडे, ‘ळ’ जवळजवळ आडवा. काम झाले असे त्याला वाटेल. परंतु सगळेच वाकडे झाले की वाकडेपणा हाच नियम होतो आणि डोळा त्याला लगेच सरावतो. अशा कागदावर गोंधळ झाला आहे, एवढी माहिती मिळते. तो जाणवत नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे विरोध नाहीच. वेष पालटून आलेला संवाद आहे.

दुसऱ्या खर्ड्यात तो अक्षरे एकमेकांवर चढवील, काही मोठी करील, काही चिरडील, शिरोरेषा तोडील. येथे देवनागरी त्याला अडवते. ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद ‘ध’च्या डोक्यावरील मोकळ्या जागेने आणि तेथल्या गाठीने राखलेला असतो. शेजारच्या अक्षराची रेघ त्या मोकळ्या जागेवरून ओढली गेली की ‘गोंधळ’चा ‘गोंघळ’ होतो, आणि हा गोंधळ कलावंताला अभिप्रेत असलेला नसतो. ‘भ’ आणि ‘म’ यांचीही तीच कथा. लिपीत काही जागा अशा असतात की तेथे हात सैल सोडता येत नाही. कोणती रेघ मोडली तरी चालेल आणि कोणती मोडली तर शब्दच मरेल, हे दुसरा खर्डा फसल्यावर समजते. त्यासाठीच तो करायचा असतो.

तिसऱ्या खर्ड्यापर्यंत त्याला आकारांतील साम्ये दिसू लागलेली असतात. ‘ळ’ची दोन वाटोळी अंगे म्हणजे शेजारी शेजारी बांधलेली संबळाची जोडी, ‘गो’वरची मात्रा म्हणजे दिवटीची ज्योत, अनुस्वार म्हणजे तिच्यातून उडालेली ठिणगी. हा मोहाचा खर्डा असतो. तो पाहणाऱ्यांना आवडतो, त्याला शाबासकी मिळते, आणि बरेच जण येथेच थांबतात. पण हा पद्मबंधाचाच नवा अवतार होय आणि मम्मटाचा निवाडा त्याला जसाच्या तसा लागू पडतो. चित्र ओळखल्याचा आनंद एकदाच मिळतो. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. चांगला शिक्षक या टप्प्यावर विद्यार्थ्याची तारीफ करून त्याला तो कागद बाजूला ठेवायला लावील.

चौथ्या किंवा पाचव्या खर्ड्यात पुष्कळशी हालचाल गळून गेलेली असेल. ज्योत गेली, ठिणगी पुन्हा साधा अनुस्वार झाली. कदाचित शिरोरेषा पानाच्या डाव्या कडेपासून सरळ, ताठ निघत असेल, जणू चौरंगाची कड. पहिले अक्षर तिला नीट लटकलेले. दुसऱ्याशी तिने आपली मोकळी जागा राखली आहे. आणि तिसऱ्यापाशी ती थांबली आहे, तर ‘ळ’ तिच्या आधाराशिवाय खाली, थोडा दूर, आपल्या दोन अंगांवर डुलतो आहे. हालले आहे ते फक्त एक अक्षर. पण आता पाहणाऱ्याला रेघेचा ताठपणा आणि अक्षराचे सुटणे दोन्ही एकदम जाणवतात. संबळ दिसत नाही, तरी ठेका कळतो. मम्मटाच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे ते या फरकाने: बंधात अक्षरे वस्तूचा आकार घेतात, येथे ती आपल्या जागेशी असलेले नाते बदलतात, आणि त्या बदलातून भाव उमटतो. गोंधळाची जाणीव किती गोष्टी हलल्या यावर अवलंबून नसते. न हललेली गोष्ट कोणती, यावर ती अवलंबून असते.

मराठीला हा धडा मोडी लिपीने केव्हाच दिला होता. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरांची साखळी त्या रेघेखाली सोडत जाई. न सरावलेल्या डोळ्याला रेघेखाली केवळ वळणांचा गुंता दिसतो. पण तो गुंता शतकानुशतके हुकूम, हिशेब आणि करारनामे पोचवत राहिला. आधी ताठ रेघ, मग मोकळा हात, हा क्रम त्यात कधी उलटला नाही. १९८० च्या दशकात अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास केला आणि मोडी व देवनागरी यांच्या मेळातून आपली ‘मुक्तलिपी’ साकारली, तेव्हा ही दफ्तरातील लिपी कलेच्या दालनात आली. त्याआधी कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षकांमधून वर्तमानपत्राच्या वाचकाला अक्षराचा स्वभाव ओळखायला शिकवले होते.

परंतु या विषयाचा गाभा जेथे कवितेला भिडतो ते ठिकाण म्हणजे अरुण कोलटकर यांची ‘जेजुरी’. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले आणि जाहिरात क्षेत्रात आरेखक म्हणून नाव मिळवलेले कोलटकर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहीत. ‘जेजुरी’ इंग्रजीत आहे, तिचा परिसर मात्र अस्सल मराठी आहे. या कवितेलाही खर्ड्यांचा इतिहास आहे, आणि तो सुखाचा नाही. १९६० च्या दशकात तिच्यातील एक कविता एका अल्पायुषी नियतकालिकात आली. ते हस्तलिखित हरवले. १९७० च्या दशकाच्या आरंभी कवीने ती सारी रचना पुन्हा उभी केली. १९७४ मध्ये ती ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त प्रसिद्ध झाली आणि १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींनीच चालवलेल्या प्रकाशनातर्फे पुस्तकरूपाने निघाली. दुसऱ्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. हरवलेले पुन्हा लिहावे लागणे हा कवीच्या वाट्याला आलेला सर्वांत कठोर खर्डा म्हणायला हवा. त्यात जे टिकते ते केवळ स्मरणशक्तीच्या बळावर टिकत नाही.

या संग्रहाच्या शेवटाकडे जेजुरी आणि रेल्वे स्टेशन यांच्या दरम्यानची एक कविता आहे. देवळाचे गाव मागे टाकून निघालेला माणूस अर्ध्या वाटेत थांबतो. कवितेच्या पहिल्या भागात मोजदाद आहे: पुजारी किती, त्यांची घरे किती, खांब, पायऱ्या, कमानी किती. देवस्थानाची मालमत्ता लिहून घेणाऱ्या कारकुनाचा तो कोरडा स्वर आहे, आणि ओळी डाव्या समासाला धरून उभ्या आहेत. मग ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्यांचा एक थवा सुगीच्या नाचासारखा वर-खाली उसळताना दिसतो. आणि पानावरील शब्दच उसळू लागतात. समास सुटतो, ओळ सुटते, वर आणि खाली हे शब्द खरोखरच वर आणि खाली जातात.

तो भाग वेगळा काढून एखाद्या भिंतीवर लावला तर ती एक चतुर गंमत वाटेल. कवितेत तो गंमत राहत नाही, याचे कारण आधीची मोजदाद. जो माणूस देवळात सारे काही मोजत आला, देवापाशीही ज्याला मोजण्यापलीकडचे काही सापडले नाही, त्याला पहिल्यांदा न मोजता येणारी गोष्ट दिसते ती गावाबाहेर, शेतात, कोंबड्यांच्या रूपाने. यात श्रद्धेची टवाळी आहे की श्रद्धेचा शोध, यावर समीक्षकांत मतभेद होत राहतील. पण हा प्रश्न ज्या क्षणी उभा राहतो तो क्षण शब्दांच्या अर्थातून आलेला नाही. शब्दांनी समास सोडल्यामुळे आला आहे. सरळ ओळीत छापली तर या कवितेत एक सुखद दृश्य उरेल, आणि ते थांबणे निघून जाईल. मर्ढेकरांच्या उपपत्तीला दिलेले हे उत्तर वादाच्या भाषेत नाही, पण टाळता येण्यासारखेही नाही. पानावरील जागा येथे भावनात्मक अर्थाची वाहक झालेली आहे.

म्हणूनच अशा पानाचे पुढे काय होते हा सजावटीपुरता प्रश्न नाही. कविता एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाते, संकलनात येते, पाठ्यपुस्तकात येते, प्रश्नपत्रिकेत उतरते. प्रत्येक वेळी कोणीतरी जबाबदार माणूस पानाची रुंदी बसवतो, जागा वाचवतो, ‘चुकून’ सरकलेले शब्द नीट करतो. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नीटनेटकेपणा हा त्याच्या कामाचा धर्मच आहे. पण कवीने अनेक कागद खर्चून मिळवलेला गोंधळ असा एका दुरुस्तीत नाहीसा होतो, आणि नाहीसा झाल्याचे कळतही नाही, कारण शब्द सगळे जागच्या जागी असतात.

संगणकाने या प्रश्नाला आणखी एक वळण दिले. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या आयुष्यात हा विरोध जणू मूर्त झाला. कवी, सुलेखनकार, आरेखक आणि मुंबईच्या आय. आय. टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक असलेल्या जोशींनी मराठीत अक्षरांच्या दृश्य रूपातून घडणारी कविता लिहिली, आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यात देवनागरीला कधी नव्हे इतके मोकळे सोडले. आणि त्याच हातांनी ‘मंगल’ हा टंक घडवला, जो विंडोज प्रणालीबरोबर असंख्य संगणकांवर पोचला. अनेक वर्षे कचेरीतील अर्ज आणि विद्यापीठीय प्रबंध त्या समंजस, समपातळीवरच्या अक्षरांत उमटत राहिले. अक्षरांचा गोंधळ घालणारा कलावंत तो हाच, आणि लाखोंसाठी चौक मांडणाराही हाच. यात विसंगती नाही. ‘ध’च्या डोक्यावरील जागा किती मोकळी ठेवावी हे ज्याने टंक घडवताना ठरवले, त्यालाच ती केव्हा मोडावी हे ठाऊक असणार.

मात्र टंक अक्षराचा आकार जपतो. अक्षराची पानावरील जागा जपणे हे त्याचे काम नव्हे. पडद्यावर मजकूर खिडकीच्या रुंदीप्रमाणे वाहतो आणि भ्रमणध्वनीवर सर्व ओळी डाव्या कडेला येऊन टेकतात. कोलटकरांच्या कोंबड्या तेथे रांगेत उभ्या राहतात. असा पाठ वाचून कवितेवर निबंध लिहिणारा विद्यार्थी तिच्या एका अंगाला मुकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

दिल्लीच्या रस्त्यांवर हीच हानी दुसऱ्या रूपात दिसली. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या पाठी, ढाब्यांच्या भिंती यांवर हाताने अक्षरे काढणारे पेंटर या शहराचे खरे लिपिकार होते. खडू लावलेली दोरी ताणून फटका मारायचा, रेघ उठवायची, तिच्यात खडूने अक्षरे बसवायची, मग चपट्या कुंचल्याने रंग, सावली आणि शेवटी चकाकीची रेघ, हा त्यांचा क्रम. म्हणजे त्यांचेही आधी चौक, मग गोंधळ. फ्लेक्सच्या छापील फलकांनी त्यांचे काम हिरावले. हनीफ कुरेशी या दिल्लीत स्थिरावलेल्या आरेखकाने ‘हँडपेंटेडटाइप’ या उपक्रमातून अशा पेंटरांची वळणे गोळा करून त्यांचे संगणकीय टंक करण्याचे काम हाती घेतले. ‘पेंटर कफील’ हा दिल्लीच्या एका पेंटरच्या नावाने ओळखला जाणारा टंक त्यातूनच आला. २०२४ मध्ये कुरेशी यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या उपक्रमामुळे अक्षरे वाचली, हे मोठेच काम. परंतु पाटीची लांबी संपत आल्यावर शेवटची दोन अक्षरे दाटीने बसवताना पेंटरचा हात जो निर्णय घेई, तो टंकात कसा भरायचा? टंकात एक अक्षर पुन्हा पुन्हा तेच येते. पाटीवर ते प्रत्येक वेळी आपल्या जागेशी नव्याने तडजोड करी.

फिरोजशाह मार्गावरील रवींद्र भवनात साहित्य अकादमीचे कार्यालय आणि ग्रंथालय आहे. हबीब रहमान यांनी आरेखित केलेली ही वास्तू १९६१ मध्ये उभी राहिली, आणि अकादमीचे बोधचिन्ह सत्यजित राय यांच्यासारख्या अक्षरांवर आयुष्यभर प्रेम केलेल्या कलावंताच्या हातचे आहे. ‘भिजकी वही’ या संग्रहासाठी कोलटकरांना २००५ चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा कवी हयात नव्हता. सप्टेंबर २००४ मध्ये पुण्यात त्याचे निधन झाले होते. पुरस्कार मानपत्रावर सरळ ओळीत लिहिले जातात, आणि ते तसेच असायला हवे. ग्रंथालयाचे कर्तव्य मात्र याहून थोडे अधिक आहे. ज्या कवितेत जागा हाच अर्थ आहे, तिची कवीने स्वतः मांडलेली आवृत्ती जपणे, आणि पाठ्यपुस्तकातील पाठाशेजारी ती विद्यार्थ्यापुढे उघडून ठेवणे, एवढे तरी त्याने करावे. मालार्मेची मुद्रिते कोणीतरी जपली, म्हणून त्याला अभिप्रेत असलेल्या पुस्तकाची कल्पना पुढच्या पिढ्यांना करता आली. मराठी कवींचे फाडलेले, चुरगळलेले, पुन्हा सपाट केलेले कागदही अशा कोणाची तरी वाट पाहत असतील.

गोंधळाच्या रात्री चौकासमोर लहान मुले पेंगत बसलेली असतात. त्यांना आख्यान कळत नाही. दिवटी कशासाठी आणि धान्य कशासाठी हेही कळत नाही. त्यांना दिसतो तो आवाजाचा आणि उजेडाचा कल्लोळ. पहाटे आरतीला कोणीतरी त्यांना हलवून जागे करते आणि घरातली वडीलधारी माणसे मांडलेल्या एकेका वस्तूचे नाव सांगून ती का तेथे ठेवली आहे ते समजावतात. पुढच्या गोंधळाला त्यांतले एखादे मूल पेंगत नाही. कलश नेमका कोठे ठेवतात ते बघायला ते पुढे सरकून बसते.